जुना पिकअप: सकाळी सेल्फ लागत नाही

प्रश्न: १५ वर्षांचा डिझेल पिकअप, बॅटरी नवी. रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ नुसता टक-टक करतो. धक्का मारून सुरू केला की दिवसभर ठीक. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी मल्टिमीटर, मग पाना. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. तेवढे असतील तर इंजिन बंद करून विजेची गळती शोधा, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी कोण खातंय ते. निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढा. आकडा ज्याने पडेल ती लाइन दोषी. मीटर असा अँपिअरवर लावलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

उत्तर २: सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच? अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जाड वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा, परत मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटरमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक आहे. वायर सोडवताना निगेटिव्ह काढलेलीच हवी.

उत्तर ३: त्याआधी एक बघा. सकाळी बॅटरीवर १२.५ दिसत असतील तर ती उतरलेलीच नाही. सेल्फ मारताना निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉकमध्ये व्होल्टवर लावलेला मीटर ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीची निगेटिव्ह बाजू इंजिनला जोडणारी) गंजलीय. जुन्या गाडीत हेच जास्त सापडतं.