मदत हवी आहे: तीन लहान उद्योग आणि एक प्रयोगशाळा मिळून नवं उत्पादन करायचंय, करार आणि अनुदान कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

आमचा लहान हायड्रॉलिक पंप बनवायचा कारखाना आहे. या पंपांचं जुनं दुखणं म्हणजे शाफ्टचं सील. तेल तापतं, सीलची कड कडक होते, तिला केसाएवढ्या चिरा पडतात आणि तेल झिरपू लागतं. गिऱ्हाइकाच्या लक्षात येईपर्यंत मशीनखाली तेलाचं थारोळं झालेलं असतं. आम्हाला जास्त तापमानात टिकणारं सील हवंय, आणि गळतीच्या आधीच इशारा देणारा सेन्सर पंपातच बसवायचाय.

हे एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून सील बनवणारे रबर मोल्डिंगवाले, सेन्सरवाली एक छोटी टीम आणि चाचण्यांसाठी विद्यापीठाची लॅब, असे एकत्र येतोय. संशोधन विभाग आमच्यापैकी कुणाकडेच नाही. अशा संयुक्त कामाला मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी अर्ज करायचा विचार आहे.

घोडं अडलंय ते रबराच्या मिश्रणावर. तीच रबर मोल्डिंगवाल्यांची आयुष्यभराची पुंजी. पक्का करार झाल्याशिवाय ते कागदावर मांडायला ते तयार नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. लॅबला मात्र मिश्रण कळायला हवंय, शिवाय तिथला विद्यार्थी या कामावर प्रबंध लिहिणार आहे. पेटंट निघालं तर सगळ्यांच्या नावावर ठेवावं का? आणि अनुदान हातात येईपर्यंत खर्च कसा भागवायचा? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला हे मनापासून तडीस न्यायचंय.

प्रतिसाद १

मिश्रण सांगायची गरजच पडू नये. सीलच्या नमुन्यांना नुसत्या खुणा घालून लॅबला द्या. लॅबने तापलेल्या तेलात ठेवण्याआधीचा आणि नंतरचा कडकपणा, फुगणं आणि कॉम्प्रेशन सेट (दाबून ठेवल्यावर रबर किती कायमचं चेपलं जातं ते) मोजावा. कुठल्या नमुन्यात काय बदललं होतं हे फक्त रबरवाल्यांना माहीत, तेव्हा आकडे पाहून पुढचं मिश्रण तेच ठरवतील. पॉलिमर, म्हणजे मूळ रबर, कुठल्या जातीचं आहे एवढं मात्र सांगावं लागेल. नायट्रिल रबर १०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर गेलं की थकतं, फ्लोरोकार्बन रबर २०० पर्यंत तग धरतं. ते माहीत नसेल तर चाचणीचं तापमान कसं ठरवणार?

पेटंट 'सगळ्यांच्या नावावर' एवढंच लिहून थांबू नका. अमेरिकेत एक सहमालक दुसऱ्याला न विचारता तिसऱ्याला परवाना देऊ शकतो, ब्रिटनमध्ये बाकीच्यांची संमती लागते. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते बघा आणि करारातच स्पष्ट लिहा. माझ्या मते सीलचं पेटंट रबरवाल्यांकडे, सेन्सरचं त्या टीमकडे आणि पंपात दोन्ही वापरायचा हक्क तुमच्याकडे, ही वाटणी जास्त सुटसुटीत. कामाआधी कोणी काय ज्ञान आणलं, ते न उलगडता, नुसतं नावानिशी परिशिष्टात नोंदवा.

प्रबंधाची काळजी खरी आहे. युरोपात अर्जाआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य संपतं. मसुदा आधी भागीदारांना दाखवायचा आणि पेटंटचा अर्ज जाईपर्यंत थांबायचं, असं कलम घाला. ब्रिटन सरकारने २००५ मध्ये विद्यापीठ आणि उद्योग यांच्यासाठी लॅम्बर्ट टूलकिट नावाने नमुना करार फुकट उपलब्ध केले. अनेक भागीदारांसाठीचेही त्यात आहेत. तसेच उचलू नका, पण वकिलाकडे जाण्याआधी जरूर वाचा.

प्रतिसाद २

पैशाबद्दल. बऱ्याच योजनांत आधी खर्च करायचा, मग बिलं दाखवून परतावा घ्यायचा असतो, आणि स्वतःचा वाटाही घालावा लागतो. मंजुरीआधी केलेला खर्च बहुधा धरत नाहीत, त्यामुळे मोल्डची ऑर्डर घाईने देऊ नका. सगळ्यात लहान भागीदाराला परताव्यापर्यंत तगता येईल का, हे आधी बघा.

तुमच्याकडे इनोव्हेशन व्हाउचरसारखी योजना असेल तर सुरुवात तिथून करा. नेदरलँड्समध्ये २००४ साली लहान उद्योगांना संशोधन संस्थेकडून काम करून घेण्यासाठी ७,५०० युरोपर्यंतची व्हाउचर दिली. अर्ज फार आल्याने सोडत काढली, म्हणून मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना करता आली. दहातल्या आठ व्हाउचरमुळे असं काम झालं जे एरवी झालंच नसतं. तुमच्या सीलची पहिली चाचणी एवढ्याच आकाराची आहे. ती आधी उरकली तर मोठ्या अर्जाला आकडे मिळतील आणि लॅबशी जमतं का तेही कळेल.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. खुणा घातलेल्या नमुन्यांचं आजच रबरवाल्यांच्या कानावर घातलं, ते लगेच तयार झाले. एक शंका राहिली: मधेच एखादा भागीदार बाहेर पडला किंवा त्याची कंपनी मोठ्या कंपनीने विकत घेतली तर?

प्रतिसाद १

बाहेर पडला तरी त्याने दिलेला वापराचा हक्क बाकीच्यांकडे राहील, हे करारात लिहा. मालकी बदलल्यास किती दिवसांत कळवायचं आणि खरेदीदार तुमचा स्पर्धक असेल तर गोपनीय माहिती कशी परत घ्यायची, यासाठी वेगळं कलम ठेवा. वकिलाला हे दोन मुद्दे पहिल्याच बैठकीत सांगा.