सबटायटल्समध्ये नुसतं 'सिस्टर-इन-लॉ' येतं. ती नणंद, जाऊ की मेव्हणी हे कसं ओळखायचं?

पावसाळी

कोरियन मालिका इंग्रजी सबटायटल्स लावून पाहणं चालू आहे. गोष्ट कळते, पण नात्यांचे आणि मानापमानाचे प्रसंग आले की काहीतरी हातातून निसटतंय असं सतत वाटतं. एखादं पात्र साधं 'यू' म्हणतं आणि समोरचा एकदम भडकतो. कधी तोंडातून स्पष्ट 'ओप्पा' ऐकू येतं, पण खाली नायकाचं नाव लिहिलेलं असतं. तीन वेगळ्या बायकांना एकच 'सिस्टर-इन-लॉ'.

विचारायचं ते असं: भाषेचा पूर्ण अभ्यासक्रम न करता हे पकडता येईल का? कोणते शब्द आधी कानात बसवावेत? लिपी शिकून फायदा होतो का? आणि पात्रांची वयं एक-दोन वर्षांनी चुकल्यासारखी का वाटतात? शेवटचं, काही मालिकांचे भाग एका यादीत १६ आणि दुसरीत ३२ का दिसतात?

तळटीप

भागांचं आधी सांगून टाकते. कोरियात सरकारी आणि खासगी मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिराती दाखवायला बंदी होती. म्हणून २०१७ पासून केबीएस, एमबीसी, एसबीएस यांनी तासाभराच्या भागाचे दोन तुकडे केले आणि मधल्या फटीत जाहिराती घातल्या. जुलै २०२१ मध्ये बंदी उठली आणि तुकडे थांबले. त्यामुळे त्या चार वर्षांतली '३२ भागांची' मालिका म्हणजे नेहमीचीच १६ भागांची.

आता सेटिंग. ऑडिओ मूळ कोरियन ठेवा आणि सबटायटल्सच्या यादीत साधं 'इंग्लिश' निवडा, 'सीसी' लिहिलेलं नको. सीसी हे ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी असतं आणि अनेकदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवर बेतलेलं असतं. डबिंगचे संवाद ओठांच्या हालचालीला आणि वेळेला जुळवून लिहितात, म्हणून ते मूळ वाक्यापासून आणखी लांब जातात. 'स्क्विड गेम'च्या भाषांतरावर २०२१ मध्ये जो वाद झाला, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच होतं.

भाषांतरकाराला मात्र दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. नेटफ्लिक्सच्या नियमात इंग्रजीची एक ओळ ४२ अक्षरांची, एका वेळी दोनच ओळी, जास्तीत जास्त ७ सेकंद. एवढ्या जागेत नणंद-भावजय कुठे समजावणार? 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटात दोन प्रकारच्या इन्स्टंट नूडल्स मिसळून केलेल्या 'जापागुरी'चं इंग्रजीत 'राम-डॉन' झालं आणि सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागी ऑक्सफर्ड आलं. परक्या प्रेक्षकाला क्षणात कळावं म्हणून केलेली तडजोड आहे ती.

नात्यांच्या बाबतीत मराठी माणसाला इंग्रजीची गरजच नाही. ईमो म्हणजे मावशी, गोमो म्हणजे आत्या. सामछोन काका, वेसामछोन मामा. नवऱ्याची धाकटी बहीण आगाश्शी, नवऱ्याचा अविवाहित धाकटा भाऊ दोर्यॉन्निम. मोठी जाऊ आणि मोठी नणंद दोघींना ह्यॉंगनिम. बहिणीने मोठ्या भावाच्या बायकोला म्हणायचं ते सेऑन्नी, म्हणजे आपली वहिनी. बायकोची धाकटी बहीण छॉजे. आणि सगळ्यात आनंद देणारा शब्द: सादोन, म्हणजे व्याही आणि विहीण. इंग्रजीत याला शब्दच नाही, त्यामुळे लग्नाच्या बोलणीच्या प्रसंगात दोन्हीकडच्या आया एकमेकींशी इतक्या तोलूनमापून का बोलतात हे सबटायटल्स वाचून कळत नाही. 'सादोन' ऐकू आलं की आपल्याला लगेच कळतं.

'ईमो' खानावळीत वाढणाऱ्या बाईंनाही म्हणतात, जसं आपण ओळख नसताना 'ओ मावशी' म्हणतो. तिथे सबटायटल बहुधा 'मॅम' किंवा 'एक्सक्यूज मी' असतं. खाली 'आंटी' आलं, तरी ती नायकाची सख्खी मावशी समजू नका.

ओप्पाचं गणित: मोठ्या भावाला मुलगी ओप्पा म्हणते, मुलगा ह्यॉंग. मोठ्या बहिणीला मुलगी ऑन्नी म्हणते, मुलगा नूना. चारही शब्द रक्ताच्या नात्याबाहेर, ओळखीतल्या मोठ्यांना चालतात. बोलणारा कोण यावर शब्द ठरतो, त्यामुळे मुलगा कुणाला ओप्पा म्हणणार नाही. धाकट्यांना नावानेच हाक. नावाचा शेवट व्यंजनाने असेल तर 'आ' जोडतात, स्वराने असेल तर 'या': सुजिनची 'सुजिना', मिनहोची 'मिनहोया'. हे वेगळं नाव नसून संबोधन आहे.

शनिवारची_मालिका

नाती झाली, आता 'यू' म्हटल्यावर भडकण्याचं. कोरियनमध्ये अरे-तुरे आणि अहो-जाहो क्रियापदाच्या शेवटात असतं. अरे-तुरेला बानमाल म्हणतात, मान देऊन बोलण्याला जोन्देन्माल. वाक्य 'यो'ने संपलं तर आदरार्थी, '-म्निदा'ने संपलं तर औपचारिक (बातम्या, लष्कर, कंपनीतलं सादरीकरण), काहीच न जोडता संपलं तर अरे-तुरे. कानाला सवय लावायला एवढे तीन संच पुरतात:

आन्न्यॉंग / आन्न्यॉंगहासेयो: नमस्कार.
गोमावॉ / गोमावॉयो / कामसाहाम्निदा: आभार.
मियाने / मियानेयो / च्वेसोंगहाम्निदा: माफी.

आठवडाभर अर्थाकडे लक्ष न देता फक्त वाक्याचं शेपूट ऐका. कोण कोणाला 'यो' लावतो आणि कोण लावत नाही एवढंच. एका भागात दहा मिनिटं हे केलं तरी घरातली, ऑफिसातली उतरंड आपोआप दिसायला लागते. मग एखाद्या प्रसंगात 'यो' गळून पडला की तो क्षण कळतो, आणि तोच बहुतेक वेळा त्या प्रसंगाचा गाभा असतो. नायक-नायिका जवळ येतात तेव्हा एकजण 'माल नोउसेयो' म्हणतो. शब्दशः 'बोलणं खाली ठेवा', म्हणजे आता अहो-जाहो पुरे. भांडणात उलट होतं: इतके दिवस अरे-तुरे करणारी मैत्रीण अचानक 'यो' लावते आणि दार बंद होतं. मराठीत रुसलेली बायको 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते ना, तेच.

'या!' ही हाक म्हणजे 'ए!'. मोठ्या माणसाला मारली तर भांडण ठरलेलं. 'नॉ' म्हणजे तू. 'दांगशिन' शब्दकोशात 'तुम्ही' असं दिसतं, पण प्रत्यक्षात नवरा-बायकोत किंवा रस्त्यावरच्या भांडणात ऐकू येतं. अनोळखी माणसाला आदराने म्हणायचा तो शब्द नव्हे. नवरा-बायको एकमेकांना 'यॉबो' म्हणतात; आपल्या 'अहो'च्या जवळचं, फक्त तिथे दोघंही वापरतात.

आदराचा दुसरा धागा वेगळा धरा. ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्या मानासाठी क्रियापदात 'शी' घालतात. 'हाराबॉजी ओश्यॉस्सॉ' यात आजोबांना मान आहे आणि ऐकणाऱ्याला अरे-तुरे. म्हणजे 'अरे, आजोबा आले'. मराठीत हे दोन धागे असेच वेगळे चालतात, म्हणून आपल्याला ते लवकर जमतं.

ऑफिसच्या मालिकांत नावाऐवजी हुद्दा ऐका: सावॉन, देरी, ग्वाजांग, छाजांग, बुजांग, अशी खालून वरची शिडी, वर साजांग. पुढे 'निम' लागला की 'साहेब'. सबटायटलमध्ये सगळ्यांचं 'मिस्टर किम' होतं आणि बढती झाल्याचं कळतच नाही. 'स्क्विड गेम'मधला अली (दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केलेला) आधी सांग-वूला 'साजांगनिम' म्हणतो, मग 'ह्यॉंग'. शेटजीचा दादा झाला. गोट्यांच्या खेळात त्या दोघांचं जे होतं ते इतकं का लागतं, हे त्या एका शब्दात आहे.

एक धोका सांगून ठेवतो. मालिकांतून उचललेलं कोरियन बहुतांशी बानमाल असतं, कारण मित्र आणि प्रेमी तसंच बोलतात. रांजणगाव-चाकण भागातल्या कोरियन कंपनीत मुलाखतीला जाऊन ते वापरलं तर उद्धटपणा ठरेल. बोलायचं झाल्यास कायम 'यो' लावा आणि 'हुद्दा + निम' म्हणा.

डोंबिवली_फास्ट_१४

इंग्रजीपेक्षा हिंदी घ्या की! बऱ्याच मालिकांना हिंदी डबिंग आहे आणि त्यात तू-तुम-आप शाबूत राहतं. नणंदेची ननद होते, सिस्टर-इन-लॉ होत नाही.

तळटीप

मुद्दा बरोबर आहे, पण डबिंगमध्ये मूळ आवाज जातो आणि अभिनयाचा अर्धा भाग आवाजात असतो. त्याहून चांगला मार्ग: ऑडिओ कोरियन आणि सबटायटल्स हिंदी, जिथे मिळत असतील तिथे. संगणकावर क्रोममध्ये 'लँग्वेज रिअॅक्टर' हे एक्स्टेन्शन टाकलं तर नेटफ्लिक्सवर दोन भाषांची सबटायटल्स एकाखाली एक दिसतात, वरती कोरियन, खाली तुमची. टीव्हीच्या ॲपवर ते चालत नाही.

ओष्ठ्यवर्ण

लिपी शिका, नक्की शिका. मूळ अक्षरं २४: व्यंजनं १४, स्वर १०. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली, १४४६ मध्ये जाहीर झाली. व्यंजनांचे आकार उच्चाराच्या जागेवरून घेतलेत: 'ग'चा काटकोन म्हणजे घशाशी टेकलेली जीभ, 'न'चा कोन म्हणजे दातांमागे लागलेलं जिभेचं टोक, 'म'चा चौकोन म्हणजे तोंड. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य घोकलेल्या माणसाला हे अनोळखी नाही. एक रेघ वाढवली की महाप्राण होतो. स्वर म्हणजे उभी किंवा आडवी रेघ आणि तिला एक टिंब किंवा काडी: उजवीकडे आ, डावीकडे ऑ, वर ओ, खाली ऊ. दोन काड्या केल्या की या, यॉ, यो, यू. रोज अर्धा तास दिलात तर आठवड्यात अडखळत का होईना वाचता येतं.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली, क-ख-ग. कोरियनमध्ये तीन प्रकार आहेत: साधा, महाप्राण, ताठ. ताठ तो आपल्या 'क'च्या सर्वांत जवळ, महाप्राण 'ख'सारखा. साधा मात्र शब्दाच्या सुरुवातीला 'क'कडे झुकतो आणि दोन स्वरांत 'ग' होतो. म्हणूनच वरच्या प्रतिसादांतलं 'गोमो' कुणाला 'कोमो' ऐकू येईल. दोघांचंही ऐकणं चूक नाही. इंग्रजी स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नका. 'पार्क' आडनावात 'र' नाहीच, उच्चार 'पाक'. 'ली'चा उच्चार 'ई'. 'चोई'चा 'छ्वे'च्या जवळ.

दुसरी, लिहिलेलं एक आणि वाचायचं एक. 'हाप्-नी-दा' असं लिहून 'हाम्निदा' वाचतात. 'हान्गुक्-माल' लिहून 'हान्गुङमाल'. पाठ करायला जाऊ नका. हा आपला वाङ्मयाचा नियम आहे. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. पुढे अनुनासिक आलं की मागचं स्पर्श व्यंजन आपल्याच वर्गाचं अनुनासिक होतं.

पावसाळी

वाङ्मय वाचून एकदम उलगडलं. सगळ्यांचे मनापासून आभार. वयाचं राहिलं. आणि पॉप गटांच्या मुलाखतींतही हेच चालतं का? तिथे तर सगळे जवळपास एकाच वयाचे दिसतात.

शनिवारची_मालिका

तिथे तर फार काटेकोर चालतं. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. सूत्र: चालू वर्ष वजा जन्मवर्ष अधिक एक. बीटीएस या पॉप गटातला जिन ४ डिसेंबर १९९२ चा. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या हिशेबाने ३० आणि कोरियन हिशेबाने ३२. वाढदिवस झाला की फरक एकाचा उरतो. २८ जून २०२३ पासून कायद्याने आपल्यासारखं वय लागू झालं, पण त्याआधीच्या मालिका पाहताना एक-दोन वर्षं वजा करा. दारू-सिगरेटची विक्री आणि लष्करी भरती यांना अजूनही नुसतं जन्मवर्ष बघतात.

हाक ठरते जन्मवर्षावरून, महिन्यावरून सहसा नाही. त्याच गटातला जिमिन ऑक्टोबर १९९५ चा, व्ही ३० डिसेंबर १९९५ चा, तरी दोघं 'छिंगू', म्हणजे बरोबरीचे. 'छिंगू'चं भाषांतर 'फ्रेंड' होतं, पण त्यात समवयस्क असणं गृहीत आहे. दोन वर्षांनी मोठा कितीही जिवलग असला तरी ह्यॉंगच. गटाचा नेता आरएम १९९४ चा, तो जिनला ह्यॉंग म्हणतो. नेतेपद आणि वडीलपण वेगळं. सर्वांत धाकट्याला 'मांगने' म्हणतात. सबटायटलमध्ये 'यंगेस्ट' येतं, आपल्याकडे त्यासाठी 'शेंडेफळ' आहे आणि लाडाची छटाही तीच.

गटाबाहेर मात्र वय मागे पडतं आणि पदार्पणाची तारीख चालते. आधी आलेला सॉनबे, नंतर आलेला हूबे. म्हणून संगीताच्या कार्यक्रमात पंचविशीतला नवा गायक विशीतल्या जुन्या गायिकेला वाकून 'सॉनबेनिम' म्हणताना दिसतो.

ओष्ठ्यवर्ण

एक भर: बोली. बुसान-देगूकडची पात्रं आली की सूर वरखाली होतो आणि प्रश्न 'ना' किंवा 'नो'ने संपतात. जॉल्ला भागातली माणसं वाक्याच्या शेवटी 'इंग' ओढतात आणि शब्द आठवला नाही की 'गॉशिगी' म्हणतात, आपल्या 'ते हे'सारखं. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळे सोलचेच रहिवासी वाटतात. सोलमध्ये प्रमाणभाषेत बोलणारं पात्र आईचा फोन आला की गावच्या बोलीत घसरतं, ते नक्की ऐका. जेजू बेटावरची बोली इतकी वेगळी आहे की तिथल्या संवादांना कोरियन वाहिन्या कोरियन प्रेक्षकांसाठीही सबटायटल्स देतात.