पारंपरिक फिडलवादकांची स्मृती आणि नृत्यसंशोधनातील तोंडी साक्ष: कितपत विसंबावे?

जिज्ञासू_वाचक

नमस्कार. आयर्लंड, स्कॉटलंड आणि नॉर्वे येथील पारंपरिक फिडलवादन (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजणारे व्हायोलिन) व त्याच्याशी जोडलेली नृत्ये यांवरील संशोधन वाचताना मी एका मुद्द्यापाशी वारंवार अडतो आहे. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओ'नील यांनी 1903 मध्ये 1850 आयरिश धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येक धुना त्यांनी कॉर्क परगण्यात बालपणी ऐकलेल्या होत्या. स्वतःला स्वरलेखन नीट येत नसल्यामुळे ते त्या आठवून ऐकवत आणि त्याच पोलीस दलातील जेम्स ओ'नील त्या कागदावर उतरवत. म्हणजे आज ज्याला आपण छापील आधार मानतो, त्याच्या मुळाशी एका माणसाची आठवणच आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, कागदाशिवाय शेकडो धुना लक्षात राहतात त्या नेमक्या कशा? दुसरा प्रश्न नृत्याचा. धून निदान कुणीतरी लिहून ठेवली. पण बहुतेक ग्रामीण नृत्ये लिहिलीच गेली नाहीत, आणि संशोधकांनी ती वृद्धांच्या आठवणींवरून नोंदवली. तरुणपणी नाचलेले नृत्य पन्नास-साठ वर्षांनी खुर्चीत बसून सांगणाऱ्याच्या शब्दांना पुरावा म्हणावे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गज_आणि_तार

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी वादक म्हणून देतो. बाहेरून पाहणाऱ्याला शेकडो धुना म्हणजे शेकडो स्वतंत्र वस्तू वाटतात, परंतु वाजवणाऱ्याच्या मनात त्या तशा नसतात. नेहमीच्या आयरिश रीलमध्ये, म्हणजे द्रुत नृत्यधुनेत, आठ-आठ 'बार'चे, म्हणजे ठेक्याच्या समान तुकड्यांचे, दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवला तर बत्तीस बारांचे एक आवर्तन पूर्ण होते. आता भागाच्या आत पाहा. पहिले दोन बार बहुधा पाचव्या-सहाव्या बारांत जसेच्या तसे परत येतात, आणि दोन्ही भागांचा शेवट पुष्कळदा एकच असतो. त्यामुळे खरोखर नवे असे लक्षात ठेवायचे थोडेच उरते. बाकीचे त्या स्वरमेळातील ओळखीच्या वळणांनी भरून निघते आणि ती वळणे बोटांना आधीपासून ठाऊक असतात. म्हणूनच एखादा वादक मध्येच चुकला तर तो चुकलेल्या स्वरापासून पुढे जात नाही, तर भागाच्या आरंभाशी परततो, कारण आठवणीची दारे तिथेच असतात.

धुनेचे नाव आणि धून या दोन वेगळ्या आठवणी आहेत, हेही इथे सांगितले पाहिजे. नाव ऐकून काहीच न आठवणारे निष्णात वादक कितीतरी आहेत. त्यांना पहिले दोन बार गुणगुणून दाखवले की पुढची सगळी धून आपोआप हाताखाली येते. ब्रेंडन ब्रेहनाक यांनी आयरिश नृत्यधुनांची कार्डसूची करताना नावांवर विसंबण्याऐवजी आरंभीच्या स्वरांना अंकांची संकेतावली दिली. त्यामागे ही अडचण होतीच, शिवाय एकाच धुनेची अनेक नावे आणि एकाच नावाच्या अनेक धुना हा गोंधळही होता.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरांवरील आपल्या 1995 च्या पुस्तकात महाकाव्ये, बॅलड (कथागीते) आणि मुलांच्या मोजणीच्या ओळी यांचा विचार करताना असे मांडले की, लय, ध्वनी आणि अर्थ यांची बंधने एकाच जागी येऊन पडतात, तेव्हा पुढे काय येऊ शकते याचे पर्याय फार कमी उरतात आणि म्हणून आठवण टिकते. फिडलच्या बाबतीत या बंधनांत आणखी एकाची भर पडते, आणि माझ्या मते तेच सर्वांत बळकट आहे: नाचणाऱ्यांचे पाय. नॉर्वेतील स्प्रिंगार हे नृत्य पाहा. त्याच्या तीन मात्रा समान लांबीच्या नसतात. टेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम आणि तिसरी आखूड असते, तर वाल्द्रेस भागात पहिली आखूड, दुसरी लांब आणि तिसरी मध्यम. कागदावर मात्र दोन्ही सरळ तीन-चतुर्थांशात (3/4), म्हणजे तीन समान मात्रांतच, लिहितात. अभ्यासक यान-पेटर ब्लोम यांनी नर्तकाच्या शरीराचे वर-खाली होणे आणि या मात्रांची लांबी यांचा संबंध दाखवून दिला आहे. हार्डेंगर फिडल (नॉर्वेचे खास फिडल) वाजवणारा पायाने ठेका धरतो, तो श्रोत्यांना दाखवण्यासाठी नव्हे. त्याच्या धुनेचा अर्धा भाग त्या पायातच असतो. पाणबुड्यांना पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले, हा 1975 चा प्रसिद्ध प्रयोग स्कॉटलंडमध्येच झाला होता. प्रसंगाशी जोडलेल्या स्मृतीचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पदन्यास

मी नृत्याच्या नोंदणीचे काम केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. आपल्या प्रश्नातील 'खुर्चीत बसून' हे शब्दच महत्त्वाचे आहेत. खुर्चीत बसलेल्या माणसाकडून नृत्याचे नाव, कुठे नाचत, कोणाकडून शिकलो, पेहराव काय होता, हे उत्तम मिळते. हालचाल मिळत नाही. फार तर तो बोटांनी टेबलावर पावले दाखवतो. तोच माणूस उभा राहिला, योग्य वेगाची धून लागली आणि समोर जोडीदार आला, म्हणजे आतापर्यंत 'आठवत नाही' म्हणत असलेले वळण तो घेऊन मोकळा होतो, आणि नंतर ते कसे घेतले हे विचारल्यास पुन्हा गडबडतो. म्हणून स्कँडिनेव्हियात संशोधक वृद्धांबरोबर स्वतः नाचले आणि त्यांचे नाचणे चित्रित केले गेले. नॉर्वेत एगिल बाक्का यांनी 1973 पासून त्रोनहाइमच्या केंद्रातून याच रीतीने मोठे काम उभे केले.

दुसरी गोष्ट, समूहनृत्याची आठवण एका डोक्यात पूर्ण नसतेच. चार जोड्यांच्या नृत्यात प्रत्येकाला आपली जागा आणि आपली वाट ठाऊक असते. ज्या स्त्रीने आयुष्यभर स्त्रीच्याच जागी नृत्य केले, तिला पुरुषाची वाट सांगता येईलच असे नाही, आणि ती अंदाजाने सांगू लागली तर नेमकी तिथे चूक शिरते. त्यामुळे दोन माहितगारांच्या सांगण्यात विसंगती दिसली की लगेच एकाला खोटे ठरवू नये; दोघे वेगवेगळ्या जागांवरून तेच नृत्य पाहत असू शकतात.

पडताळणीचे उत्तम उदाहरण म्हणजे टॉम आणि जोन फ्लेट हे दांपत्य. टॉम व्यवसायाने गणितज्ञ होते, आणि त्यांच्या लेखनात ती शिस्त जाणवते. स्कॉटलंडभर वृद्धांच्या मुलाखती घेऊन त्यांनी 1964 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कोणते नृत्य कोणत्या भागात, साधारण कोणत्या काळात आणि कोणत्या प्रसंगी होत असे, हे एकाच्या शब्दावर न ठेवता अनेकांच्या सांगण्यातून त्यांनी बसवत नेले. या पद्धतीला मर्यादा आहे ती एवढीच की, सांगणाऱ्यांच्या तारुण्यापलीकडे ती जात नाही. 'आजोबा असे नाचत' हे वाक्य आजोबांविषयी कमी आणि नातवाच्या समजुतीविषयी अधिक सांगते.

जिज्ञासू_वाचक

दोघांचेही आभार. मग केप ब्रेटनविषयी काय म्हणाल? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गेलिक भाषक स्कॉटिश लोक कॅनडातील त्या बेटावर गेले, आणि मूळ देशात लोपलेली जुनी शैली तिथे तशीच राहिली, असे पुष्कळ ठिकाणी वाचले. ही एका समाजाची स्मृती मानता येईल का?

संग्रहाचा_रखवालदार

आधी एक दुरुस्ती. पाणबुड्यांच्या त्या प्रयोगाची 2021 मध्ये पुनरावृत्ती झाली, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. वादक आणि नर्तक यांच्या संबंधांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण त्याला तो आधार देऊ नये.

केप ब्रेटनबाबत 'तशीच राहिली' या शब्दांना माझी हरकत आहे. तेथील फिडलला साथ करणारा पियानो विसाव्या शतकात विकसित झाला, आणि त्याने लयीचा उठाव व सुरांची जाण दोन्ही बदलली. तेथील स्टेप डान्स (पावलांच्या ठेक्याचे नृत्य) म्हणजे स्कॉटलंडमधील जुने नृत्यच, या दाव्यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. शिवाय समाजाची स्मृती आपोआप टिकत नाही. हे वादक आता नामशेष होत आहेत, असे सांगणारा माहितीपट कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने 1970 च्या दशकारंभी दाखवला. त्यामुळे लोक दुखावले, आणि 1973 मध्ये ग्लेनडेल येथे शंभराहून अधिक फिडलवादक एकत्र आले. जुन्या धुना शोधण्याचा, शिकवण्याचा उत्साह त्यानंतर वाढला. म्हणजे आज जी 'अखंड' परंपरा दिसते, तिच्यात जाणीवपूर्वक केलेल्या आठवणीचा वाटा मोठा आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

ध्वनिमुद्रिकांचाही हिशेब धरा. आयर्लंडमधील स्लायगोचे फिडलवादक मायकल कोलमन 1914 मध्ये अमेरिकेला गेले आणि 1921 पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या तबकड्या निघू लागल्या. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, तेवढ्यात बसतील अशा धुना त्यांनी एकामागून एक जोडल्या. 'द टारबोल्टन'ने सुरू होणारी त्यांची रीलची मालिका आजही अनेक बैठकांत त्याच क्रमाने वाजते. तबकडीच्या आधीच्या स्थानिक शैलीविषयी कोणी वृद्ध वादक सांगत असेल, तर त्याच्या घरी ग्रामोफोन केव्हा आला, हा प्रश्न मी प्रथम विचारतो.

मूळ साहित्य ऐकायचे असल्यास 'तोबार आन दुआल्खाइस' या संकेतस्थळावर, 1951 मध्ये एडिंबरा येथे स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संग्रहातील मुद्रणे आहेत. केवळ धून ऐकून पुढे जाऊ नका. धुनेआधी व नंतर संग्राहक काय विचारतो, वादक किती वेळ थांबतो, घरातले दुसरे कोणी मध्येच आठवण करून देते का, हे ऐका. कारण मुद्रणातील आठवण पुष्कळदा एकट्या वादकाची नसते, आणि सूचीत मात्र त्याचेच नाव असते.