रोमन थिएटरच्या पायऱ्यांवर बसलायत का कधी? अनुभव लिहा

काल आईचं कपाट आवरताना ओरांजचा फोटो सापडला. दक्षिण फ्रान्समधलं. रंगमंचामागची ती १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच भिंत आणि वर कोनाड्यात रोमन सम्राट ऑगस्टसचा पुतळा. आई जन्मभर हौशी नाटकात रमलेली, ती खाली गेली आणि हळूच नांदी म्हणाली. मी पार वर बसलेले, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. आता आई नाहीये. तुम्ही कुठलं पाहिलंत, सांगा ना.

जॉर्डनचं अम्मान!! दुबईला होतो तेव्हा ईदच्या सुट्टीत गेलेलो, भर गावात आहे, साधारण ६००० माणूस मावेल एवढं, पायऱ्या इतक्या उभ्या की सासूबाई बसत बसतच खाली उतरल्या. खाली मधोमध एका जागी उभं राहून बोललं की आपलाच आवाज घुमून आपल्याकडे येतो, लेक तिथनं हलेचना

ताई, आईचं वाचून भरून आलं

जेराश चुकवू नका कुणी. अम्मानहून तासाभरावर, तिथल्या थिएटरात जॉर्डनचे लोक बॅगपाइप वाजवतात, अंगावर काटा येतो

कलोसियम पण चालेल का इथे?

ते अँफिथिएटर, चारी बाजूंनी बंद लंबगोल, झुंजींसाठी. थिएटर अर्धगोल, नाटकांसाठी. पण लिहा हो, वाचायला आवडेल

झुंजी म्हटल्यावर आमचं कोल्हापूरच आठवणार! शाहू महाराज १९०२ ला युरोपला गेले, रोमचं ते कलोसियम बघितलं आणि मग इथं खासबाग कुस्ती मैदान बांधलं. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ ला आगीत गेलं, त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. दगडाचं टिकतं ओ, लाकडाचं कसं टिकणार

खरंय पण नुसत्या दगडानं पण नाही टिकत, वापरात असलं तर टिकतं. तुर्कस्तानात अँटाल्याजवळचं आस्पेंडोस बघा, दुसऱ्या शतकातलं, पुढे सेल्जुक या तुर्की घराण्याच्या सुलतानांनी महाल म्हणून वापरलं, डागडुजी केली, म्हणून आज रंगमंचाची भिंत पूर्ण उभी. दुपारी जाऊ नका, दगड भयंकर तापतो

अँटाल्याला शाकाहारी मिळतं का? मे मधे जातोय, बाबांना कांदा लसूण पण चालत नाही

मसूराचं सूप सगळीकडे, पण कांदा असतोच त्यात. थेपले न्या

स्पेनमधे मेरिदाला रात्रीचा प्रयोग पाहिला, १९३३ ला सुरू झालेला महोत्सव आहे तिथे. भाषा कळेना, पण नटी रडायला लागली तशी मीपण. बाजूच्या आजींनी रुमाल दिला. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते

रुमालाचं वाचून आईच आठवली, तिच्या पर्समधे कायम दोन असायचे, एक शेजारणीसाठी