मॅग्ना कार्टाने राजाला लगाम घातला म्हणे!

तिरपागडा:
परवा इथे कोणीतरी फॉरवर्ड डकवलंय: "१५ जून १२१५ रोजी इंग्लंडच्या जॉन राजाने रनीमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टावर सही केली आणि जगात लोकशाही जन्माला आली." खाली हात जोडलेल्यांची ही रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

बंडखोर सरदारांनी राजाकडून काढून घेतलेली ही हक्कांची सनद. तिच्यावर सही-बिही काही नाही, मोहोर लागली. आणि बाळ दहा आठवड्यांत गेलं. २४ ऑगस्टला तिसऱ्या इनोसंट पोपने सनद रद्दबातल ठरवली. जॉनने १२१३ मध्येच इंग्लंडचं राज्य पोपच्या पायावर घालून वर्षाला १,००० मार्क (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड) द्यायचं कबूल केलं होतं, ते असं कामी आलं. मग सरळ युद्ध. सरदारांनी तर फ्रान्सच्या युवराजाला, लुईला, बोलावून घेतलं. हे तुमचे लोकशाहीचे जनक!

राजाला बांधणारं खरं कलम एकच, ६१ वं. राजाने शब्द मोडला तर २५ सरदारांनी त्याचे किल्ले-जमिनी जप्त करायच्या. १२१६ ला सनद पुन्हा काढली तेव्हा ते गुपचूप गाळलं. परवानगीशिवाय कर नाही हे १२ वं कलमही गेलं. मग राहिलं काय? थेम्समधले मासे धरायचे बांध काढा, हे!

राजाला अडवलं ते रिकाम्या तिजोरीने. १२०४ ला फ्रान्समधली नॉर्मंडी हातची गेली, ती परत घ्यायला जॉनने सगळ्यांना पिळलं. निकोलस द स्टटव्हिलला भावाचं वतन नावावर करायला १०,००० मार्क नजराणा लावला. सनदेत हाच दर १०० पौंड, म्हणजे १५० मार्क ठरला, यावरून अंदाज घ्या. एवढं करून २७ जुलै १२१४ ला बूव्हीनच्या लढाईत फ्रान्सच्या राजाने त्याच्या दोस्तांचा धुव्वा उडवला. ती लढाई जिंकली असती तर रनीमीडला गुरंच चरली असती.

कुलमुखत्यार:
दर जूनमध्ये कोणीतरी "सही नव्हे, मोहोर" हा शोध लावतोच. यंदा आपण. अभिनंदन.

अर्धी गोष्ट सांगून पळू नका. जॉन ऑक्टोबर १२१६ मध्ये मेला. गादीवर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री, कारभार म्हाताऱ्या विल्यम मार्शलकडे. हा राजाचा माणूस, बंडखोर नव्हे. त्याने महिन्याच्या आत सनद पुन्हा काढली. का? मेलेलं बाळ होतं ना? १२१७ ला परत, १२२५ ला परत, १२९७ ला कायद्याच्या पुस्तकात. बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय अटक नाही, हे जुनं ३९ वं कलम १२२५ मध्ये २९ वं झालं आणि इंग्लंडमध्ये आजही लागू आहे. तीस वर्षं कोर्टात काढली आहेत. विनाकारण आत बसलेल्या अशिलाची बायको ऑफिसात येऊन रडते तेव्हा असल्या एका ओळीची किंमत कळते. घरी बसून तिजोरीच्या गप्पा मारणं सोपं.

तिरपागडा:
वकीलसाहेब, १२२५ ची सनद फुकट मिळाली का? सगळ्यांच्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा मोजला, तेव्हा राजाने मोहोर उठवली. माझाच मुद्दा बळकट केलात, आभारी आहे.

आणि ते ३९ वं कलम कोणासाठी? 'मुक्त माणसा'साठी. वेठीचं कूळ त्यात बसत नाही. त्याच्या वाट्याला आलं काय, तर दंड करताना त्याची शेतीची अवजारं तेवढी सोडा.

जुने_मास्तर:
जॉनला झोडपायचा कार्यक्रम पाहून करमणूक झाली. शाळेत २८ वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात थोरला भाऊ रिचर्ड शूर आणि जॉन नालायक, बस. या शूराने दहा वर्षांच्या राज्यात इंग्लंडमध्ये काढले जेमतेम सहा महिने, आणि त्याला कैदेतून सोडवायला दीड लाख मार्क खंडणी ठरली. पार्लमेंटसमोर पुतळा मात्र त्याचा! जॉन गावोगाव फिरून स्वतः खटले ऐकायचा.

तिरपागडा:
मास्तर, ऐकायचा आणि दरही लावायचा. १२०४ च्या नाताळातली सरकारी नोंद आहे: ह्यू द नेव्हिलच्या बायकोने नवऱ्याजवळ एक रात्र घालवायला मिळावी म्हणून राजाला २०० कोंबड्या देऊ केल्या. थट्टा असेल, पण अशी थट्टा हिशेबाच्या गुंडाळीत चढते, यातच आलं सगळं. आणि राजाशी बिनसलेल्या सरदाराची बायको, मॅटिल्डा द ब्रोझ? तिला नि तिच्या मुलाला १२१० मध्ये कोंडून उपाशी मारलं. तेव्हा कुठला खटला ऐकला होता?

रानभुली:
तुम्हा तिघांनाही एक सनद दिसलीच नाही. १२१७ ची जंगलाची सनद. 'मॅग्ना' म्हणजे थोरली, हे नावच मुळात त्या धाकटीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून पडलं.

राजाचं जंगल म्हणजे नुसती झाडं नव्हेत. आखलेल्या हद्दीत गावं, शेतं, माळ सगळं आलं. तिथे देशाचा कायदा बाजूला, राजाची मर्जी चालायची. तुमचा कुत्रा हरणामागे धावू नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाची तीन बोटं छाटायची. नाही छाटली तर तीन शिलिंग दंड, आणि हा दंड सनदेनंतरचा, म्हणजे सुधारलेला! हरीण मारलं म्हणून कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, हे लिहून घ्यावं लागलं. आपल्याच झाडीतला मध आपला, हेसुद्धा.

आमचे आजोबा हिरडा गोळा करायला गेले तर कोयता जप्त, वर दिवसभर वनखात्याच्या नाक्यावर उकिडवे बसवून ठेवलं. झाडं आमच्याच बांधावरची. तेव्हा राजसत्तेची मर्यादा मला सरदारांच्या नजराण्यात शोधायला सांगू नका.

कुलमुखत्यार:
ताई, आजोबांबद्दल वाईट वाटलं. पण धागा मध्ययुगीन इंग्लंडचा आहे, वनखात्याचा नाही. कृपया अवांतर टाळा.

रानभुली:
तुमच्या अशिलाची बायको रडली तो पुरावा आणि माझे आजोबा अवांतर. वा!

थेम्सकाठचा:
इंग्लंडमधल्या स्लाव शहरात राहतो, पाहुणे आले की रनीमीडला नेणं हे माझं सक्तीचं काम. बघायला काय, तर कुरण, आणि १९५७ मध्ये अमेरिकेतल्या वकिलांनी बांधलेलं स्मारक. हो, अमेरिकेतल्याच.

पण ताईंचं अवांतर वाटतं तेवढं अवांतर नाही. कुरणाला लागून कूपर्स हिल ही टेकडी आहे. तिथे १८७२ ला भारतात पाठवायचे इंजिनियर घडवणारं कॉलेज निघालं, आणि १८८५ पासून तिथेच आपल्याकडचे जंगल अधिकारी शिकून यायला लागले. खाली सनदेचं कुरण, वर हे.

रानभुली:
घ्या. आता सांगा अवांतर.

जुने_मास्तर:
हे मला माहीत नव्हतं. मात्र त्या अधिकाऱ्यांनी जंगलं राखली म्हणून आज जी काही शिल्लक आहेत ती आहेत. नाहीतर गावकऱ्यांनी...

रानभुली:
मास्तर, ते वाक्य पूर्ण करू नका. रेल्वेचे स्लीपर कोणाच्या झाडांचे झाले ते मग मी सांगेन.

कुलमुखत्यार:
झालं. धागा रानात गेला. मूळ प्रश्न: सनदेने राजा बांधला गेला की नाही?

रानभुली:
रानातूनच उत्तर देते. तिसऱ्या हेन्रीच्या मुलाला, पहिल्या एडवर्डला, पैसा हवा होता, तेव्हा त्याने जंगलाच्या हद्दी फिरून तपासायला होकार दिला आणि १३०० च्या सुमारास केवढी तरी गावं जंगलातून सुटली. १३०५ मध्ये याने पोपकडून आपल्या शब्दातून सुटका करून घेतली आणि पुढच्या वर्षी सगळं फिरवलं. जॉननंतर ९० वर्षांनी तीच युक्ती! तुमच्या २९ व्या कलमासाठी तो पोपकडे धावला नाही, जंगलासाठी धावला. कुठे दुखत होतं ते कळतंच.

तिरपागडा:
ताईंना २०० कोंबड्या! पैसा हवा तेव्हा सनद, नको तेव्हा पोप. हेच तर सकाळपासून बोंबलतोय. वकीलसाहेबांनाही एक कोंबडी देतो: सनद वारंवार काढावी लागली म्हणजे लोक ती विसरत नव्हते, एवढं मान्य.

कुलमुखत्यार:
कोंबडी तुमच्याकडेच ठेवा. त्याच एडवर्डच्या मुलाला १३२७ मध्ये गादीवरून उतरवलं तेव्हा आरोप काय होता? राज्याभिषेकाची शपथ मोडली. शंभर वर्षांपूर्वी हा आरोप करायला कोणाची जीभ रेटली असती का? यावर वेगळा धागा काढतो, इथे रानडुकरं शिरली आहेत.

रानभुली:
काढा की. त्यात हेही लिहा, की त्याच १३२७ मध्ये नव्या राजाच्या कारभाऱ्यांना जंगलाच्या त्या जुन्या हद्दी परत कबूल कराव्या लागल्या. रानडुकरं तिथेही येतील.