मदत हवी: जुनी चेनसॉ गरम झाली की बंद पडते, कापही वाकडा जातो (सोलापूर)

बांधावरचा:

नमस्कार मंडळी. शेती मोहोळ तालुक्यात, राहायला सोलापुरात, सुट्टीच्या दिवशी रानात. ओढ्याच्या कडेनं आणि सामाईक बांधावर वेडी बाभूळ अशी माजली आहे की ट्रॅक्टर जायची वाट बंद झाली. जेसीबीनं उपटली तर बांध फुटतो, म्हणून बुंध्याजवळ कापून, ओंडके करून जळणाला वापरायची असं ठरवलंय. थोडं घरच्या बंबाला लागतं, बाकी सगळं चुलतभाऊ नेतो. तो लग्नकार्यात स्वयंपाकाचे ठेके घेतो, मोठ्या पातेल्याला त्याला लाकडाचाच जाळ लागतो.

मशीन चुलत्यांकडून आली आहे. जर्मन बनावट, 61 सीसी, 18 इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), 3/8 पिचची चेन (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप). बरीच वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. वजनाला जड आहे, पण अंग सगळं धातूचं आणि भक्कम, म्हणून टाकवत नाही. तक्रारी दोन.

थंड असताना दोन-तीन ओढींत चालू होते. दोन ओंडके नीट कापते. मग रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते, आवाज चिरका होतो आणि कापातच बंद पडते. लगेच दोरी ओढली तर दाद देत नाही. बाभळीच्या सावलीत अर्धा तास ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी. गावातल्या एका मेस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलला, पैसे घेतले आणि "मशीन म्हातारी झाली, चायनाची 58 सीसी घ्या" असा सल्ला दिला. फरक शून्य.

दुसरं म्हणजे काप सरळ उतरत नाही. ओंडका वीतभर जाडीचा असला तरी पट्टी उजवीकडे वळत जाते आणि शेवटी अडकते. ढलपी पडत नाही, ज्वारीच्या पिठासारखा बारीक भुसा पडतो. जोर दिला की धूर निघतो. धार मी गोल कानशीनं लावतो, हाताला दाते टोचतातसुद्धा, तरी हे असं.

पेट्रोल पंपावरचं साधं, ऑइल 1:40 च्या अंदाजानं. चेनच्या टाकीत काळं जळकं ऑइल आहे, चुलत्यांच्या वेळेपासून तेच चालत आलंय. आणखी एक, पुढच्या हँडलसमोरचा पंजा तुटलेला आहे, तो तारेनं बांधून ठेवलाय.

नवी घ्यायची माझी तयारी नाही असं नाही, पण हिच्यात खरोखर काय बिघडलंय ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही. जाणकारांनी सांगावं.


वखारवाला:

मालक, इंजिनाचं दुसरे सांगतील, मी चेनचं सांगतो. आमच्या वखारीत हा धंदा रोजचा आहे.

पीठ पडतंय म्हणजे दाते कापत नाहीत, घासतायत. हाताला टोचणं हा पुरावा नव्हे. दात्याचं टोक उजेडाकडं धरून बघा. पांढरी रेघ चमकली तर तिथं धार नाही, कारण धारेवर उजेड थांबत नाही. त्या रेघेपर्यंत कानस गेलीच पाहिजे, मग दोन घासे लागोत नाहीतर दहा.

कानस कुठली वापरता? 3/8 च्या पूर्ण मापाच्या चेनला 5.2 मिलिमीटरची लागते. दुकानदार 4 किंवा 4.8 ची हातात देतो, ती दात्याच्या पोटात खोल खड्डा करते आणि वरची धार तशीच राहते. कोन 30 अंश, आपल्या वाळक्या बाभळीला 25 ठेवला तर धार जास्त टिकते. कानस पुढं ढकलतानाच दाबायची, मागं आणताना उचलायची.

आता वाकड्या कापाचं. उजव्या हाताच्या माणसाचे एका बाजूचे दाते नेहमी जास्त घासले जातात, दुसऱ्या बाजूला हात अवघडतो. व्हर्नियर घ्या, सगळ्यांत आखूड दाता शोधा आणि बाकी सगळे त्याच्या लांबीला आणा. जीवावर येतं, पण इलाज नाही. त्याआधी पट्टी उलटी करून बसवा आणि एक काप मारा. वळण बाजू बदलून डावीकडं गेलं तर दोष पट्टीचा. उजवीकडंच राहिलं तर चेनचा.

दात्याच्या पुढं जे बुटकं टेकाड असतं त्याला आम्ही रेकर म्हणतो. तो दात्याच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. दाता घासून घासून खाली येतो आणि रेकर तिथंच उभा राहतो, मग धार कितीही लावा, दाता लाकडाला लागतच नाही. गेज ठेवून चपट्या कानशीनं उतरवा. हौसेनं जास्त उतरवू नका, मशीन हिसके देईल.

आणि बांधावरच्या लाकडात जुनी काटेरी तार गिळलेली असते. खाली बुंध्याला मातीही बसलेली असते. काप मारायचा तिथली साल आधी कुऱ्हाडीनं उडवा, चेन दुप्पट टिकेल. बांधाला चिंच किंवा आंबा असेल तर तो परवानगीशिवाय पाडू नका, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत दोन्ही आहेत.


टू_स्ट्रोक:

रेस वर-खाली होणं, आवाज चिरका होणं आणि गरम झाल्यावर बंद पडणं, ही तिन्ही एकत्र असतील तर माझा पहिला संशय इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय यावर. पण अंदाजानं स्पेअर बदलत सुटू नका. हा क्रम पाळा, खर्च काहीच नाही.

मशीन बंद पडली की लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज झाला आणि मशीन चालू झाली, तर टाकीची हवेची वाट तुंबली आहे. आत पोकळी होते आणि पेट्रोल येत नाही. माळ्यावर पडलेल्या मशीनला कुंभारमाशी घर करते, हे मी प्रत्यक्ष बघितलंय.

तसं नसेल तर गरम असतानाच प्लग काढा, टाकीपासून लांब नेऊन सिलिंडरच्या पंख्यांना टेकवा आणि दोरी ओढून ठिणगी बघा. थंडपणी ठिणगी आहे आणि गरमपणी नाही, तर कॉइल गेली. प्लगचा रंगही सांगा. तपकिरी चांगला, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा सुका म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

मग सायलेन्सर काढा. दोन बोल्टचं काम आहे. त्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. गुळगुळीत असली तर छान, उभ्या रेघा असल्या तर फोटो टाका. सायलेन्सरमध्ये जाळी असेल तर ती काजळीनं बुजली आहे का तेही बघून घ्या.

दाब तपासायला गेज नसेल तर स्विच बंद करून मशीन नुसत्या दोरीच्या मुठीला लटकवा. अडखळत, टप्प्याटप्प्यानं खाली आली तर दाब आहे. सरसर उतरली तर रिंग किंवा सिलिंडर संपलाय. गेज मिळालं तर 100 पीएसआयच्या खाली असलेल्या मशीनवर मी पैसा घालत नाही.

ऑइल अंदाजानं घालू नका. स्टिल या चेनसॉ कंपनीच्या पुस्तिकेत त्यांच्या स्वतःच्या ऑइलला 1:50 आणि इतर टू-स्ट्रोक ऑइलला 1:25 दिलंय. म्हणजे लिटरला 20 मिली किंवा 40 मिली. औषधाचं माप वापरा.


माळढोक:

चेनला जळकं ऑइल घालू नका हो. त्यात इंजिनाचा धातूचा कीस असतो, पट्टीची खाच आणि ऑइल पंप दोन्ही खातो. शिवाय ते अंगावर उडतं, कपड्यावर उडतं, रानात पडतं. मी घाण्याचं करडईचं तेल घालतो. आपल्याकडं मिळतं, घसरतंही चांगलं.


टू_स्ट्रोक:

@माळढोक, जळक्याबद्दल शंभर टक्के सहमत. करडईला मात्र माझा विरोध. करडईचं तेल हवेत सुकणाऱ्या जातीचं आहे, रंग-वार्निशात वापरतात ते त्याच गुणामुळे. रोज कापत असाल तर चालून जाईल, पण महिनाभर मशीन ठेवली की चेनच्या कड्या चिकटून बसतात आणि पंप जाम होतो. खास चेन ऑइल मिळालं तर तेच घ्या. नाही तर एसएई 30 किंवा 20 डब्ल्यू 40 चं नवं ऑइल. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 ला गेला की पातळ तेल पट्टीवर थांबतच नाही.

तेल येतंय का ते बघायला पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर थोडं वर धरा आणि रेस द्या. पुठ्ठ्यावर बारीक शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे.


बांधावरचा:

मंडळी, सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं.

पट्टी उलटी केली, तरी काप उजवीकडंच. म्हणजे चेन. व्हर्नियर लावला तर एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास मिलिमीटरभर आखूड निघाले. कानस 4.8 ची होती. वखारवाले, तुम्हाला कोपऱ्यातून दिसलं की काय! रेकर तर दात्याच्या बरोबरीनं उभे आहेत.

इंजिनाचं. झाकण सैल करून फरक नाही. गरमपणी ठिणगी निळी, जोरदार. प्लग पांढरट. लटकवून बघितली, अडखळत उतरते. सायलेन्सर काढला, पिस्टनवर धूर निघायच्या बाजूला दोन-तीन फिकट उभ्या रेघा आहेत, नख अडकत नाही. आणि हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण मशीन चालू ठेवून डाव्या कुशीवर केली की रेस आपोआप वाढते, सरळ केली की उतरते.


टू_स्ट्रोक:

कुशीवर रेस वाढते आणि प्लग पांढरट आहे, म्हणजे हवा घेतेय. आता ही मशीन दुरुस्त होईपर्यंत एकही काप मारू नका. जास्तीची हवा म्हणजे कमी पेट्रोल, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं. त्या रेघा त्याच्याच आहेत. नख अडकत नाही तोवर पिस्टन वाचलेला आहे.

दोन जागा बघा. कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणारं रबरी नळकांडं काढून बोटांनी वाकवा. सरळ असताना चांगलं दिसतं, वाकवलं की चिरा उघडतात. दुसरी जागा क्रँकची दोन सील, एक क्लचमागं, एक मॅग्नेटच्या चाकामागं. वय बघता तिन्ही बदलाच, यात काटकसर नको. क्लच उघडताना लक्षात ठेवा, आटे उलटे असतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडतात. सुंभ नको, तंतू सुटून आत राहतात.

कार्बोरेटर मेस्त्रीनं नुसता धुतला असेल तर आतला पडदा जुनाच आहे. तो बोटाला कडक लागला किंवा कागदासारखा वाजला तर किट टाका. पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टरही त्याच वेळी. आता पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ही मशीन बनली तेव्हा तिच्या रबरानं इथेनॉल बघितलेलंही नव्हतं. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, तक्रार तरी कुणाकडं करायची! काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही.

स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचा सल्ला कुणी देईल. गळती तशीच ठेवून ते करू नका. दुरुस्तीनंतर कार्बोरेटरचे एल (कमी रेसचा) आणि एच (फुल रेसचा) हे दोन्ही स्क्रू हळूच बंद करून एकेक फेरा उघडा, मशीन गरम करा, मग एच लावा. मोकळ्या फुल रेसला आवाज किंचित फुरफुरला पाहिजे आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ झाला पाहिजे. ई-20 असेल तर थोडं जास्तच उघडं ठेवा.


दापोलीकर:

सगळे इंजिनात गुंतलेत, त्या तारेनं बांधलेल्या पंजाबद्दल कोणीच बोलत नाही. तो पंजा शोभेचा नसतो. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. तेव्हा मनगटाचा धक्का त्या पंजाला बसून चेन थांबते. तारेनं बांधला म्हणजे ब्रेक नाहीच. त्यात वेड्या बाभळीच्या फांद्या जाळीसारख्या, टोक कुठे लागेल याचा नेम नाही. आमच्याकडे आंब्याच्या छाटणीला मी ब्रेक नसलेली मशीन कामगाराच्या हातात देत नाही. सीलच्या आधी पंजा आणि ब्रेकचा पट्टा मागवा. गॉगल, बूट आणि कानाला बोळे हेही.


बांधावरचा:

दापोलीकर, पटलं. तार काढून टाकली, पंजा आणि पट्टा यादीत सगळ्यांत वर घेतलाय.

टू_स्ट्रोक, नळकांडं वाकवलं. कार्बोरेटरच्या बाजूला खालून अर्ध्या गोलाईपर्यंत चीर आहे, सरळ ठेवलं की दिसतसुद्धा नाही. सील, नळकांडं, कार्बोरेटरचं किट पुण्याहून मागवतोय. एकच शंका. सील मूळ कंपनीची आणि बाजारातली यांच्या किमतीत बराच फरक आहे. बाजारातली चालतील का?


टू_स्ट्रोक:

सील बाजारातली चालतात, फक्त जुन्या सीलवर छापलेलं माप जुळवून घ्या आणि बसवताना ओठाला ऑइल लावा. नळकांडं मात्र मूळ कंपनीचंच घ्या. स्वस्त रबर ई-20 मध्ये फुगतं.


वखारवाला:

आणि पार्सल येईपर्यंत चेन घासून ठेवा मालक. मिलिमीटरभर उतरवायचंय, एका बैठकीत व्हायचं नाही. दाते फारच आखूड उरले तर नवी चेन सेमी-चिझल (दात्याचा कोपरा गोलसर असलेली) मागा. फुल-चिझल (चौकोनी कोपऱ्याची) ओल्या स्वच्छ लाकडाला पळते, पण आपल्या धुळीत तिची धार दुपारपर्यंतसुद्धा राहत नाही.