शब्दचर्चा : ‘११-७ चा सीझन’ मराठीत कसा लिहावा?

मुद्रितशोधक :
कॅनेडियन फुटबॉलवरच्या (अमेरिकन फुटबॉलसारखाच, चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ) एका मराठी मजकुरात हे वाक्य आहे : ‘मॉन्ट्रियल अलुएट्सने २०२३ चा सीझन ११-७ असा जिंकला, मग सेमीफायनल आणि फायनल जिंकून फायनल गाठली आणि शेवटच्या मिनिटाला कप पटकावला.’ फायनल जिंकून फायनल कशी गाठता येते? ११-७ हा कुठल्या सामन्याचा गुणफलक? आणि ‘सीझन’ला मोसम लिहावं की हंगाम?

कोशवाला :
हंगाम लिहा. दोन्ही शब्द फारसी-अरबी वाटेने आलेले आणि दोन्ही रुळलेले. पण मोसम म्हटलं की आधी हवा आठवते, हंगाम म्हटलं की काम आठवतं. गळीत हंगामाला सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये ठरलेलं काम उरकायचं असतं. संघाच्या वर्षाचंही तेच आहे. सवयीने ‘२०२३-२४ चा हंगाम’ लिहू नका मात्र. रणजीचा हंगाम दोन वर्षांत पसरतो. कॅनडातला जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो, म्हणून नुसतं २०२३.

यार्डपट्टी :
आणि ११-७ ने ‘जिंकला’ हे तर काढूनच टाका. हा गुणफलक नाही. १८ साखळी सामन्यांपैकी ११ जिंकले, ७ हरले, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचक कबड्डी, टेबल टेनिस, बॅडमिंटन पाहतो. ११-७ दिसलं की त्याला एक गेम दिसतो. ‘११ विजय, ७ पराभव’ असं सरळ लिहा. बरोबरीही होऊ शकते, तेव्हा तिसरा आकडा लागतो.

‘गुण’ शब्दही इथे दोनदा येतो आणि गोंधळ घालतो. सामन्यातले गुण वेगळे, तक्त्यातले वेगळे. विजयाला २, बरोबरीला १, म्हणून अलुएट्सचे तक्त्यात २२. त्याच पूर्व विभागात टोरंटो आर्गोनॉट्सचे १६ विजयांचे ३२, हॅमिल्टनचे ८ विजयांचे १६. पहिल्या उल्लेखाला ‘गुणतक्त्यात २२ गुण’ असं लिहिलं की पुढे नुसतं गुण चालतं.

मुद्रितशोधक :
‘प्ले-ऑफ’ तसंच ठेवू का? आयपीएलमुळे सगळ्यांना माहीत आहे.

यार्डपट्टी :
आयपीएलमुळेच नको. तिथे पहिल्या दोन संघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते. इथे हरला की हंगाम संपला. आपला ‘बाद फेरी’ हा शब्द नेमका हेच सांगतो.

दोन फायनलचं कोडं विभागांमुळे पडतं. नऊ संघ, पश्चिमेला पाच, पूर्वेला चार. प्रत्येक विभागातले पहिले तीन पुढे जातात. दुसरा आणि तिसरा खेळतात, तिला तिकडे विभागाची सेमीफायनल म्हणतात. तिचा विजेता पहिल्या क्रमांकाच्या संघाशी त्याच्या मैदानावर खेळतो, ती विभागाची फायनल. दोन विभागांचे विजेते मग ग्रे कपसाठी भिडतात. म्हणजे विभागाची फायनल ही खरं तर स्पर्धेची उपांत्य लढत. ‘अंतिम’ हा शब्द एकाच सामन्यासाठी राखून ठेवा. मधल्याला ‘पूर्व विभागाच्या विजेतेपदाचा सामना’ म्हणा, आधीच्याला ‘विभागातील पहिली बाद लढत’.

कोशवाला :
पहिल्या क्रमांकाच्या संघाला पहिली लढत खेळावी लागत नाही, त्याला आपल्या क्रीडापानांवर ‘पुढे चाल’ म्हणतात. त्यासाठीचा ‘बाय’ हा इंग्रजी शब्द साखळीतल्या सुट्टीलाही वापरतात, तिथे ‘पुढे चाल’ लिहिलं तर घोटाळा. २१ आठवड्यांत १८ सामने, म्हणजे प्रत्येक संघाला तीन ‘विश्रांतीचे आठवडे’.

यार्डपट्टी :
क्रॉसओव्हरचाही एक शब्द ठरवून टाकू. एका विभागातल्या चौथ्या संघाचे गुण दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा जास्त असतील तर तो त्याची जागा घेतो. समान असून भागत नाही. २०२३ मध्ये ही वेळ आली नाही, कारण पश्चिमेतल्या चौथ्या सस्कॅचवानचे सहाच विजय होते. ‘परविभागातून प्रवेश’ लिहिलं तर अर्थ लगेच कळतो.

मुद्रितशोधक :
मूळ मजकुरात पुढे ‘चौथ्या डाऊनवर’ असा उल्लेख आहे. डाऊनला ‘चढाई’ चालेल का? कबड्डीतली ‘करो या मरो’ चढाई तिसरीच असते.

यार्डपट्टी :
‘चौथा’ ही सरळ चूक आहे, अमेरिकन फुटबॉलच्या सवयीने आलेली. डाऊन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न. कॅनडात १० यार्डांसाठी तीनच डाऊन.

चढाईची उपमा समजावून सांगताना जरूर वापरा, शब्द म्हणून नको. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला पर्याय नसतो, गुण आणा नाहीतर बाद व्हा. इथे पर्याय असतो. तिसऱ्या डाऊनवर बहुतेक वेळा संघ पंट करतो, म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने लांब मारतो, कारण डाव फसला तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू जागच्या जागी मिळतो. एकच यार्ड हवं असेल तर मात्र बहुधा खेळतात. बचावफळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं, तेवढ्या फटीत पुढे घुसता येतं. तेव्हा ‘डाऊन’ ठेवा, आणि ‘थर्ड अँड फाइव्ह’चं ‘तिसरा आणि पाच’ न करता ‘तिसरा डाऊन, पाच यार्ड बाकी’ असं लिहा.

कोशवाला :
‘रूझ’ हा शब्द मजकुरात आला असेल तर ‘लाल’ करू नका. फ्रेंचमध्ये अर्थ तोच, पण इथे ते गुणाचं नाव आहे. २०२३ च्या नियमाने, लाथेने मारलेला चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात गेला, गोल झाला नाही आणि समोरच्या संघाला तो तिथून बाहेर आणता आला नाही, की मारणाऱ्याला एक गुण. चेंडू एंड झोन पार करून थेट बाहेर गेला तरी मिळायचा. तो भाग काढण्याचा बदल २०२६ साठी जाहीर झाला, म्हणून जुन्या सामन्यांबद्दल लिहिताना वर्ष सांभाळा. तिकडे यालाच ‘सिंगल’ही म्हणतात आणि आपल्याकडे ‘एकेरी धाव’ तयारच आहे. ‘एकेरी गुण’ लिहा. मला तरी या चर्चेतला हा सगळ्यात चपखल शब्द वाटतो.

मुद्रितशोधक :
मग असं करतो : ‘मॉन्ट्रियल अलुएट्सने २०२३ च्या हंगामात १८ पैकी ११ साखळी सामने जिंकून पूर्व विभागात दुसरं स्थान मिळवलं. पहिल्या बाद लढतीत हॅमिल्टनला २७-१२, विभागाच्या विजेतेपदाच्या सामन्यात टोरंटोला ३८-१७ असं हरवून संघाने अंतिम सामना गाठला. तिथे विनिपेग २४-२१ असा पुढे असताना, १३ सेकंद बाकी राखून कोडी फहार्डोच्या १९ यार्डांच्या पासवर टायसन फिलपॉटने टचडाऊन केला आणि मॉन्ट्रियलने २८-२४ अशी बाजी मारली.’

यार्डपट्टी :
आकडे जुळतात : टचडाऊनचे, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेल्याचे ६, त्यानंतरच्या किकचा १. ‘बाकी राखून’ बदला. गडी राखून जिंकतात, सेकंद राखून नाही. ‘१३ सेकंद उरले असताना’.

कोशवाला :
शेवटी ‘कप’. ग्रे हा इथे रंग नाही. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल अर्ल ग्रे यांनी १९०९ मध्ये तो दिला, तेव्हा भाषांतर करताना ‘करडा’ आड येऊ देऊ नका. रणजींच्या नावाचा रणजी करंडक, तसा हा ग्रे करंडक. संघाच्या नावाचं मात्र भाषांतर नको. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी, हे एकदा कंसात सांगितलं तर वाचकाला आवडेल, पण पुढे सगळीकडे अलुएट्सच. आणि ‘मुंबई इंडियन्सने’ लिहितो तसंच एकवचनी ‘अलुएट्सने’, ‘अलुएट्सनी’ नव्हे.